मगर, मुलगी, गणपती आणि ‘द’

‘किल्ली खुंटीला आहे’ आणि ‘खुंटीला किल्ली आहे’ या दोन वाक्यांतला फरक मराठी घरातल्या लहान मुलालाही कळतो. पहिलं ऐकलं की तो उठतो आणि कपाटाची किल्ली, म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक असलेली ती किल्ली, घेऊन येतो. दुसरं ऐकलं की आधी विचारतो, ‘कसली किल्ली?’ शब्द तेच आहेत, फक्त त्यांनी जागा बदलल्या. इंग्रजीत एवढ्यासाठी पहिल्या वाक्यात ‘द की’ म्हणावं लागतं आणि दुसऱ्यात ‘ए की’. तरीही ‘मराठीत आर्टिकलच नाही, मग आमच्या मुलांना ते कसं जमणार?’ हा प्रश्न बडोद्यात रावपुऱ्यातल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासमध्ये पालक इतक्या काळजीने विचारतात, की एकदा बसून सविस्तर उत्तर लिहावंसं वाटलं.

माझ्याकडे येणारी मुलं दोन तऱ्हेची. काही दहावी-बारावीची, दांडिया बाजार आणि आसपासच्या मराठी घरांतली, त्यांच्याबरोबर त्यांचे गुजराती मित्र. बाकीची जरा मोठी, कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणून आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारी. दोघांनाही नियमांची यादी मात्र तोंडपाठ असते. नद्यांना ‘द’, समुद्रांना ‘द’, वर्तमानपत्रांना ‘द’, धर्मग्रंथांना ‘द’, सूर्य-चंद्र-पृथ्वीला ‘द’. डोंगररांगेला ‘द’, पण एकट्या शिखराला नाही. तळ्याला नाही. या यादीत खोटं काही नाही. तिच्याच आधाराने आपली नदी ‘द विश्वामित्री’ होते आणि सूरसागर मात्र नुसताच ‘सूरसागर लेक’ राहतो.

अडचण अशी, की इंग्रजीच्या कुठल्याही पानावर नद्या आणि शिखरं असतात किती? पान भरलेलं असतं ते दार, माणूस, रस्ता, कुत्रा, पत्र, दुकान अशा साध्या नामांनी, आणि त्यांच्याबद्दल यादी गप्प असते. ब्राऊन विद्यापीठात 1960च्या दशकात छापील इंग्रजीतले सुमारे 10 लाख शब्द गोळा करून मोजले गेले, त्यात ‘द’ एकटा जवळजवळ 70 हजार वेळा आला. शंभरात सात. दुसरा कुठलाही शब्द त्याच्या जवळपास फिरकला नाही. आणि गंमत पाहा, ग्रंथालयात पुस्तकांची नावं अकारविल्हे लावताना हाच शब्द सोडून देतात. नाव ‘द’ने सुरू होत असेल, तर पुढच्या शब्दावरून जागा ठरते. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत शाळकरी वयात तासन्‌तास काढलेले आमच्यासारखे लोक हा नियम तिथेच शिकले. बोलताना ज्याच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही आणि यादी लावताना जो नसल्यासारखा धरतात, असा हा शब्द नामाच्या अंगाला चिकटलेला नसणार, एवढं तेव्हाही जाणवायचं.

मग तो कशाला चिकटलेला असतो? माझं उत्तर असं: ऐकणाऱ्याच्या माहितीला. मी ‘पॅलेस’ म्हटल्यावर समोरच्याला कुठला ते कळणार आहे का? कळणार असेल तर ‘द’. नसेल, आणि मी त्याला पहिल्यांदाच सांगत असेन, तर ‘ए’. ‘वडोदरा हॅज ए पॅलेस. द पॅलेस वॉज कम्प्लीटेड इन 1890.’ राजवाडा तोच, लक्ष्मी विलास. पहिल्या वाक्यात वाचकाला तो ठाऊक नव्हता, दुसऱ्यात झाला. माझ्या एका विद्यार्थिनीने शहरावरच्या निबंधात नेमकं उलटं लिहिलं होतं, आधी ‘द पॅलेस’ आणि लगेच पुढे ‘ए पॅलेस’. मी तिला नियम सांगितला नाही. म्हटलं, ‘आजीकडून श्रावणातली कहाणी ऐकली आहेस ना? सुरुवात म्हणून दाखव.’ तिने म्हटली. आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या. मी विचारलं, ‘दुसऱ्यांदा “एका राजाला” का नाही म्हणालीस?’ ती म्हणाली, ‘ताई, मग तो दुसराच कुणीतरी राजा होईल.’

बस. आर्टिकलचा निम्मा अभ्यास या उत्तरात झाला. ‘ए’चा जुना अवतार ‘ॲन’, आणि तो जुन्या इंग्रजीतल्या ‘एक’ या अर्थाच्याच शब्दातून आलेला आहे. ‘द’ आला तो ‘तो-ती-ते’ दाखवणाऱ्या शब्दातून. इंग्रजांनी झिजवून झिजवून ते इतके छोटे केले, की आता प्रत्येक वाक्यात बसतात. लॅटिनमध्येही आर्टिकल नव्हतं, पण तिच्या पोटी जन्मलेल्या फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या सगळ्या भाषांनी ‘एक’ आणि ‘तो’ यांनाच झिजवून ते घडवलं. आपण झिजवले नाहीत. रशियनांनी नाही, जपान्यांनीही नाही.

पण आपल्याकडे यासाठी आणखी एक फार सुंदर सोय आहे, ती म्हणजे ‘ला’. बडोद्यातल्या कुठल्याही मुलाला समजावी म्हणून मी ती मगरीवरून सांगते. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि जोराचा पाऊस झाला की एखादी रस्त्यावर, कुणाच्या अंगणात येऊन बसते. दरवर्षीची बातमी. मुलं ती घरी कशी सांगतात? ‘अगं आई, सोसायटीत मगर आली! मग वनखात्याचे लोक आले आणि त्यांनी मगरीला पकडलं.’ पहिल्यांदा नुसती ‘मगर’, नंतर ‘मगरीला’. जी आता सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे, तिला ‘ला’. ‘ए क्रॉकोडाइल केम इन्टू अवर सोसायटी. दे कॉट द क्रॉकोडाइल.’ तेच. उलट ‘या पावसाळ्यात वनखात्याने किती मगरी पकडल्या?’ असं विचारताना ‘ला’ येत नाही, कारण तिथे कुठलीच विशिष्ट मगर मनात नसते.

याहून पक्कं उदाहरण हवं असेल तर ते लग्नाच्या बाजारातलं आहे. ‘मुलगी बघायला गेलो होतो’ आणि ‘मुलीला बघायला गेलो होतो’. पहिल्या वाक्यात कांदेपोहे आहेत. दुसऱ्यात बहुधा आपली मुलगी आहे, सासरी किंवा दवाखान्यात. एक ‘ला’ काढला-घातला आणि सगळं नातंच बदललं. हे फळ्यावर लिहिलं की वर्गात आधी हसू फुटतं आणि मग एकदम शांतता होते, कारण आपण इतकी बारीक गोष्ट कधी न शिकता कशी वापरत होतो, असं प्रत्येकाला वाटून जातं. माझ्या गुजराती मुलांनी लगेच सांगितलं, की त्यांच्यातही असंच आहे: ‘छोकरी जोवा गया’ आणि ‘छोकरीने जोवा गया’. म्हणजे वर्गातल्या एकाही मुलाला ही समज नव्याने द्यायची नव्हती.

आणि ‘एखादा’! या शब्दावर माझं विशेष प्रेम आहे. ‘एखादा चांगला इलेक्ट्रिशियन असेल तर सांगा.’ कुठला ते मलाही माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि तसा कुणी आहे की नाही तेही नक्की नाही. ‘एक इलेक्ट्रिशियन आला होता’ म्हटलं तर मला माहीत आहे, तुम्हाला नाही. ‘इलेक्ट्रिशियन आला होता का?’ तर दोघांनाही माहीत आहे. तीन पायऱ्या. इंग्रजीला पहिल्या दोन एकाच ‘ए’वर भागवाव्या लागतात. इथे आपली भाषा जास्त बारकाईने बोलते, आणि हे मुलांना सांगायलाच हवं, कारण इंग्रजीपुढे आपलं सगळं उणंच आहे असा समज घेऊन ती येतात.

ही बारकाई नुसती व्याकरणाची हौस नाही. 1975 साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि ग्विडो झॅनी या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. लोकांना मोटार अपघाताची छोटी फिल्म दाखवली आणि नंतर प्रश्न विचारले. काहींना विचारलं, ‘फुटलेला हेडलाइट पाहिलात का?’, म्हणजे ‘द’ लावून. काहींना ‘एखादा फुटलेला हेडलाइट पाहिलात का?’, म्हणजे ‘ए’ लावून. फिल्ममध्ये नसलेल्या वस्तूबद्दलही ‘द’वाल्यांनी जास्त वेळा ‘हो, पाहिला’ म्हणून सांगितलं. ‘द’ने हेडलाइट होताच असं आधीच गृहीत धरलं होतं, प्रश्न फक्त दिसला का एवढाच उरला. न्यायमंदिराच्या इमारतीत कोर्ट भरायचं त्या काळातले एक वकील आमच्या शेजारी राहतात. त्यांना हा प्रयोग सांगितला तर म्हणाले, ‘अहो ताई, उलटतपासणीत आम्ही आयुष्यभर दुसरं काय केलं? “तो चाकू कुठे होता?” असं विचारायचं. चाकू होता का, हे विचारायचंच नाही.’

राष्ट्रांच्या भांडणातही हा शब्द आहे. 22 नोव्हेंबर 1967 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 242 मंजूर केला. नुकत्याच झालेल्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने सैन्य मागे घ्यावं, असं त्यातलं एक कलम. इंग्रजी मसुद्यात ‘फ्रॉम टेरिटरीज’ आहे, मागे ‘द’ नाही. फ्रेंच मसुद्यात मात्र ‘दे तेरितुआर’ आहे, आणि त्या ‘दे’च्या पोटात ‘द’चा अर्थ वाचता येतो. सगळे प्रदेश की काही प्रदेश, यावरचा वाद आजपर्यंत मिटलेला नाही. आयईएल्टीएसवाल्या मुलांना मी हा ठराव वाचायला देते. एका अक्षरात काय ठेवलंय, असं त्यानंतर कुणी म्हणत नाही.

आता जे खरोखर अवघड आहे त्याबद्दल. मराठी आपल्याला मोकळीक देते. ‘मुलाने खिडकी फोडली.’ कुठल्या मुलाने, कुठली खिडकी, हे सांगायचं असेल तर सांगा, नसेल तर राहू द्या. इंग्रजी राहू देत नाही. एकवचनी, मोजता येणारं नाम आलं की तिथल्या तिथे ठरवावं लागतं: ए, द, माय, धिस, काहीतरी एक. आपल्या मुलांची दमछाक इथे होते, आणि ती समजूत कमी म्हणून नव्हे, तर प्रत्येक नामापाशी थांबून निर्णय घ्यायची सवय नाही म्हणून. ही सवय लागायला वाचन लागतं, आणि तेही मोठ्याने.

दुसरी अडचण मोजण्याची. मराठीत ‘एक बातमी सांगते’ अगदी बरोबर आहे, म्हणून मुलं ‘ए गुड न्यूज’ म्हणतात. इंग्रजी ‘न्यूज’ला मोजण्याजोगं धरतच नाही. ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’ यांचंही तसंच. इथे मराठी कामाला येत नाही, पाठच करावं लागतं, आणि मी तसं स्पष्ट सांगते.

तिसरी अडचण यादीनेच निर्माण केलेली. ‘द’ गाळला की गुण जातात, या भीतीने मुलं तो सगळीकडे पेरत जातात. ‘द लाइफ इज शॉर्ट’, ‘द नेचर इज अवर मदर’, ‘आय लव्ह द इंडिया’. ज्याला कधी कुणी भीती घातली नाही तो मुलगा सहज ‘लाइफ इज शॉर्ट’ म्हणून मोकळा होतो, कारण मराठीतही ‘आयुष्य थोडं आहे’ असंच असतं. घाबरलेल्या मुलाचा हात आपोआप ‘द’कडे जातो. नोकरीच्या मुलाखतीत एका ‘द’वरून हसणारी माणसं मला माहीत आहेत, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. समोरचा माणूस दोन-तीन भाषांत विचार करून चौथ्या भाषेत उत्तर देत असतो. बडोद्यातला मराठी मुलगा घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी ऐकत मोठा होतो. त्याचा ‘द’ चुकला म्हणून त्याचं काम चुकत नाही.

‘ए’ की ‘ॲन’ हा भाग मी लवकर उरकते, कारण तो सोपा आहे. तो कानाचा आहे, डोळ्यांचा नाही. आमच्या विद्यापीठाचंच घ्या. ‘ए महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी स्टुडंट’, पण ‘ॲन एम. एस. युनिव्हर्सिटी स्टुडंट’, कारण ‘एम’ उच्चारताना तोंडात आधी ‘ए’ येतो. आणि ‘युनिव्हर्सिटी’ स्वराने लिहिली जात असली तरी ऐकू येतो तो ‘यु’, म्हणून ‘ए युनिव्हर्सिटी’. एवढं एक उदाहरण पुरतं. क्रिकेटवेड्या मुलांना मात्र मी एक गोष्ट आवर्जून सांगते. ‘अंपायर’ हा शब्द पूर्वी ‘न’ने सुरू व्हायचा, ‘नूंपेर’ असा काहीसा. दोघांच्याही बाजूचा नसलेला तिसरा माणूस, हा त्याचा अर्थ. लोक ‘ए नूंपेर’ म्हणत राहिले आणि ऐकणाऱ्यांना ‘ॲन उंपेर’ ऐकू येत राहिलं. शेवटी शब्दाचा ‘न’ आर्टिकलने पळवला, तो कायमचा. इंग्रजांच्याही कानांना हे आर्टिकल नीट धरता आलेलं नाही, हे कळल्यावर मुलांचे चेहरे खुलतात.

पण माझा आवडता धडा भाद्रपदात येतो. बडोद्यात गणपती किती जोरात असतात हे सांगायला नको. दांडिया बाजारातून त्या दिवसांत चालत जाणंसुद्धा कठीण. चतुर्थीच्या आधी मी मुलांना सांगते, घरच्या गणपतीबद्दल लिहा, आधी मराठीत. आणि मग आम्ही ते मराठी ओळ ओळ तपासतो.

मूर्तीकाराकडे जायच्या आधी घरात काय बोलतात? ‘यंदा एखादा शाडूचा गणपती बघू.’ मूर्तीकाराच्या मांडवात रांगेने पन्नास मूर्ती असतात, त्यांतला कुठलाही. ‘ए गणपती’. मग एक पसंत पडतो, आगाऊ पैसे देऊन नावाची चिठ्ठी लावून येतो. आता घरात म्हणतात, ‘गणपतीला मुकुटावर थोडा सोनेरी रंग द्यायला सांगा.’ ‘ला’ आला. कुठला, हे घरातल्या सगळ्यांना माहीत झालं. ‘द गणपती’, किंवा ‘द मूर्ती’. चतुर्थीला पाटावर बसवून, रुमाल टाकून घरी आणतात, प्राणप्रतिष्ठा होते. आणि त्या क्षणापासून मराठीचं क्रियापदच बदलतं. सकाळपर्यंत ‘गणपती आणायचाय’ म्हणणारी आजी दुपारी म्हणते, ‘गणपती बसले. गणपतींना नैवेद्य दाखवा.’ एकवचनाचं आदरार्थी बहुवचन झालं. इंग्रजीत इथे ‘ए’ही नाही आणि ‘द’ही नाही. नुसतं ‘गणपती’, जसं ‘माय फादर’ न म्हणता घरात नुसतं ‘बाबा’ म्हणतात. विशेषनामाला आर्टिकल लागत नाही हा नियम प्रत्येक पुस्तकात एका ओळीत असतो. वस्तूचं विशेषनाम होताना मात्र आमची मुलं दरवर्षी स्वतःच्या घरात पाहतात.

यंदा एका मुलीने इंग्रजीत लिहिलं: ‘वी ऑर्डर्ड ए गणपती इन जुलै. ऑन चतुर्थी माय फादर ब्रॉट द मूर्ती होम. गणपती स्टेड विथ अस फॉर फाइव्ह डेज.’ ही तीच, राजवाड्याच्या निबंधात ‘ए’ आणि ‘द’ उलटे लिहिणारी. तिन्ही वाक्यांत मला लाल पेन टेकवायला जागा सापडली नाही, आणि मी तिची वही सगळ्या वर्गाला दाखवली. तिचं चौथं वाक्य मोदकांबद्दल होतं. शेजाऱ्यांना मोदक दिले, एवढंच. पण ते ‘द मोदक्स’ म्हणायचे की ‘सम मोदक्स’, नैवेद्याच्या ताटातले होते की डब्यातले, यावर वर्गात वाद सुरू झाला. मी मध्ये पडले नाही. तिनेच उठून सांगितलं, ‘ताटातले. एकवीसच होते, सगळे दिले. द मोदक्स.’